कंदील जातो तिथं पॉइंट

भाऊसाहेब वायरमन कुणाच्याही घरी कामाला गेले की पहिल्या दिवशी काम करत नसत. बसत. तेही सकाळी नाही, दुपारी नाही, ऐन दिवेलागणीला. सायकल भिंतीला टेकवायची, हत्यारांची पिशवी हँडललाच राहू द्यायची, घरात येऊन एखादा कोपरा धरून मांडी घालायची आणि घरच्या बाईला सांगायचं, "कंदील लावा आन तुमचं चालू द्या. मी न्हाईच असं समजा."

सहा फुटांचा माणूस, गालांवर चढलेल्या मिशा, कानावर लाल पेन्सिल आणि चार घरांत ऐकू जाईल असा आवाज. तो स्वयंपाकाच्या वेळेला भिंतीशी बसलेला असताना तो नाहीच असं समजायचं, तर माणसाला ब्रह्मज्ञानच व्हायला हवं.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आमच्या ह्यांची राहात्याच्या हायस्कुलात बदली झाली आणि आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. विजेचे खांब गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते, गल्लीत मात्र रस्त्यावर दिवा नव्हता. घरमालकांनी खोल्यांत वीज घ्यायचं ठरवलं आणि शेजारचाच वायरमन आहे, उद्या येईल, असं सांगून ते गेले. मी सकाळीच सगळं सामान मधोमध ओढलं, भिंती मोकळ्या केल्या आणि वाट बघत बसले. कुणी आलं नाही. संध्याकाळी कांदा चिरायला घेतला आणि दारात ही मूर्ती उभी.

एक चहा झाला, दुसरा झाला, काम काही सुरू होईना. मला वाटलं, चहाबाज दिसतोय. आमचे हे संकोचाने वर्तमानपत्रात तोंड खुपसून टेबलाशी बसले. मी मात्र कंदील घेऊन नाचत होते. स्टोव्हपाशी, मग मीठ शोधायला ट्रंकेपाशी, मग दुधवाला आला म्हणून दारात, परत स्टोव्हपाशी. आमटीला उकळी आली तेव्हा भाऊसाहेब उठले, अंगणातल्या सायकलवरच्या पिशवीतून निळीची दोरी घेऊन आले आणि माझ्या ओट्याच्या वर, जरा उजव्या अंगाला, भिंतीवर खूण केली. ह्यांनी चाचरत विचारलं, टेबलावरच्या दिव्याचं काय? कारण घरमालकांना त्यांनी तेच सांगून ठेवलं होतं.

भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं कंदील एकदाच आला. आन तवा तुमी पेंगत हुता."

आमचे हे दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला टेबलाशी ताठ बसायला लागले, पण पॉइंट गेला तो गेलाच. पुढे कितीतरी दिवस ते पेपर तपासायला माझ्या ओट्याशी येऊन बसत आणि फोडणीचे शिंतोडे उडालेले पेपर मुलांना परत मिळत.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. आमच्या नगर जिल्ह्यात ह्या नावाची माणसं इतकी की राहात्याच्या बाजारात नुसती "भाऊसाहेब" अशी हाक मारली तर पेरूच्या पाट्यांपासून बैलबाजारापर्यंत निम्मी डोकी वळायची. म्हणून मागे वायरमन लागलं. ते शिकले कुठे, कुणाच्या हाताखाली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारण्याची सोयही नव्हती. कारण विचारलं की ते आपल्यालाच विचारायचे, "तुमाला उजेडाशी काम हाय का माझ्या कुळाशी?"

त्यांचं तत्त्व एकच होतं. दिवा कुठे पाहिजे हे घरच्या लोकांना विचारायचं नाही. लोक खोटं सांगतात. म्हणजे मुद्दाम नव्हे, पण विचारलं की प्रत्येकाला बैठकीच्या खोलीत मधोमध दिवा हवा असतो, पाहुण्यांना दिसेल असा. पाहुणे येतात वर्षातून चारदा. घर चालतं ते कंदिलाच्या मागे. तेव्हा अंधार पडताना गुपचूप बसायचं आणि कंदील कुठे जातो, कुठे टेकतो, कुठे रेंगाळतो ते बघायचं. कंदील जातो तिथं पॉइंट. हे वाक्य ते असं म्हणायचे की एखाद्याला वाटावं, देवळाच्या कमानीवर कोरलेलं असेल.

ह्या बसण्यामुळे त्यांना तालुक्यातल्या घरोघरच्या गोष्टी माहीत होत्या. कुठल्या घरात सासू कंदील स्वतःच्या मांडीशी ओढते, कुठला मुलगा अभ्यासाच्या नावाखाली परसात बिडी ओढतो, कुठल्या सुनेला रात्रीचं दिसत नाही आणि तिने ते कुणाला सांगितलेलं नाही. बाहेर कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्या सुनेच्या घरी मोरीपाशी न मागितलेला पॉइंट निघायचा. विचारलं तर म्हणायचे, वायर उरली हुती.

पॉइंट ठरला की दुसरा प्रश्न, वायर कशातून न्यायची. त्यातही त्यांची मतं ठाम होती आणि ती ते माणसांकडे बघून बनवत. आज आहे उद्या नाही अशा घराला, म्हणजे गुऱ्हाळाच्या खोपटाला, लग्नाच्या मांडवाला, चिनी मातीच्या चिमट्यांत धरलेल्या दोन उघड्या तारा पुरे. त्याला ते पाहुण्याची वायरिंग म्हणत. व्यापाऱ्यांना आवडायची लाकडी नळीतली, वरून झाकण बसवलेली, जिला केसिंग म्हणतात ती. दिसायला रुबाबदार. पण भाऊसाहेब आधीच बजावून ठेवत की ह्या झाकणाखाली पहिल्या वर्षी वायर राहते आणि दुसऱ्या वर्षापासून ढेकूण. एका कापडवाल्याने हट्टाने तीच करून घेतली आणि पुढच्या उन्हाळ्यात, ढेकूण मारायला, तिच्यात उकळतं पाणी ओतलं. अख्ख्या आळीचा फ्यूज गेला. भाऊसाहेब तिथे गेले, ओली भिंत बघितली आणि "मेले का?" एवढंच विचारलं. कापडवाला म्हणाला, नाही.

त्यांच्या मनातली खरी वायरिंग म्हणजे बॅटन. सागाची सरळ पट्टी, तिच्यावर शेजारी शेजारी झोपलेल्या वायरी आणि वीतभर अंतरावर पत्र्याच्या क्लिपा. सगळं डोळ्यांसमोर. संसारी माणसाला बॅटन, असं त्यांचं म्हणणं. त्या सुमारास साखर कारखान्याच्या बाजूला नवे सिमेंटचे बंगले उठत होते आणि भिंतीच्या पोटातून पाइप घालून वायर न्यायची फॅशन निघाली होती. लोक तिला अंडरग्राउंड म्हणत. भाऊसाहेबांचा तिच्यावर दात होता. वायर दिसते तोवर ती नीट वागते, डोळ्याआड झाली की काय करील सांगता येत नाही, असं ते म्हणत. मी एकदा विचारलं, हे वायरीबद्दल बोलताय की बायकांबद्दल? तर गडबडून म्हणाले, "नवऱ्यांबद्दल, वैनी."

असा माणूस शेजारी म्हटल्यावर त्याच्या स्वतःच्या घरात उजेडाचा काय थाट असेल, असं मला वाटायचं. आठवड्याभरात हौसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हळदीकुंकवाला बोलावलं आणि मी तो थाट बघितला.

घर नव्हतं ते, दुकानातली नमुन्याची पेटी होती. गिऱ्हाइकाला नुसतं सांगून कळत नाही, दाखवावं लागतं, म्हणून भाऊसाहेबांनी पुढच्या खोलीत चिमट्यांची वायरिंग केली होती, मधल्या खोलीत बॅटन आणि स्वयंपाकघरात केसिंग. केसिंगचं कौशल्य कोपऱ्यात कळतं, दोन लाकडं काटकोनात कशी मिळतात त्यात. स्वयंपाकघरात चांगला कोपरा होता तो पाण्याच्या रांजणावर. म्हणून केसिंग तिकडे गेलं आणि दिवाही तिकडेच. रांजणावर लख्ख उजेड. चूल दुसऱ्या टोकाला. हौसाबाई भाकरी थापायला बसल्या की दिवा पाठीमागे आणि त्यांचीच सावली तव्यावर.

"भाकरी भाजती का माजी सावली भाजती, तेच उमगत न्हाई," त्या म्हणाल्या.

हौसाबाई ठेंगणी, गोरटेली, तोंडाने फटकळ बाई. नवऱ्याच्या खांद्याला लागत होत्या, पण बोलण्यात त्याला गुंडाळून ठेवत. लग्न होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं आणि त्याचं रडगाणंही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, चुलीवर एक दिवा. दागिना नको, लुगडं नको. तालुक्याला उजेड देणाऱ्या माणसाच्या बायकोने चाचपडत भाकऱ्या कराव्यात ह्याची त्यांना मनापासून लाज वाटे. गिऱ्हाईक घर बघायला आलं की भाऊसाहेब हातात बांबूची काठी घेऊन एकेक वायरिंग समजावून सांगत आणि चुलीपुढच्या अंधारातून हौसाबाईंचा आवाज येई, "आन हितं काय न्हाई, हे बी दाखवा."

भाऊसाहेब नाही म्हणत नसत. तीच तर पंचाईत होती. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते म्हणत, करू की, पण पद्धतीने करू. एकदा दिवेलागणीला नीट बसून बघतो, मग ठरवू. आणि दिवेलागणीला तर ते रोज दुसऱ्याच्या घरी बसलेले असत. वर पुन्हा म्हणत, तोवर चुलीपाशी कंदील हाय की. घरात कंदील एकच होता.

मी त्यांना एकदा सुचवलं की बसायचं कशाला, चूल तर जागची हलत नाही. तर माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. बसल्याशिवाय पॉइंट काढणारा वायरमन म्हणजे नाडी न बघता गोळी देणारा डॉक्टर, असं म्हणून ते गेले. जाताना हौसाबाईंच्या कपड्यांची निळीची पुडी घेऊन गेले. भिंतीवर सरळ रेघ मारायला त्यांच्या दोरीला नीळ लागे, आणि ती नेहमी हौसाबाईंच्याच फळीवरची. त्यामुळे तालुक्यातल्या भिंती निळ्या आणि भाऊसाहेबांची धोतरं पिवळी असत.

ह्या माणसाची खरी फजिती आणि खरी हुशारी मी एकाच प्रकरणात बघितली, ते अस्तगावच्या भावांचं. थोरला सखाहरी, धाकटा नामदेव. जमिनीची वाटणी झाली, बैलांची झाली, घरही मधोमध वाटलं. राहिली फक्त पुढची ओसरी. ती दोघांची सामायिक, कारण तिच्यातून गेल्याशिवाय कुणालाच घरात जाता येत नव्हतं. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वीज आली तेव्हा ओसरीत दिवा एकच पुरे, हे दोघांना मान्य होतं. बटण कुणाच्या बाजूला, इथे घोडं अडलं. ज्याच्या बाजूला बटण त्याची ओसरी, असा दोघांचाही हिशोब.

भाऊसाहेब जाऊन बसले. दोन दिवस बसले, एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. परत आले ते खुशीत. दिवा एक आणि बटणं दोन, अशी जिन्याची वायरिंग असते. खालच्या बटणाने लावा, वरच्याने बंद करा, नाहीतर उलट. ती त्यांनी ओसरीला करायची ठरवली. तसली बटणं राहात्यात मिळेनात, तर त्यासाठी नगरची वारी केली. सखाहरीच्या दाराशी एक, नामदेवच्या दाराशी एक, मध्ये नाकासारखी सरळ बॅटनची पट्टी. दोघांनाही त्यांनी समजावून सांगितलं, दोघांनीही माना हलवल्या. खेड्यातल्या माणसाने मान हलवली म्हणजे त्याला कळलंच असं नाही, हे भाऊसाहेबांसारख्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण ते त्या दिवशी स्वतःच्या पट्टीच्या प्रेमात होते.

आठवड्यात दोघं भाऊ दोन सायकलींवरून, मध्ये शंभर पावलांचं अंतर ठेवून, आमच्या गल्लीत हजर. दिवा करणीचा आहे, असं सखाहरीचं म्हणणं. नामदेवचं म्हणणं, दिवा बरा आहे, भाऊच करणी करतोय. झालं होतं ते असं. दिवेलागण झाली की घरच्या बाईने दिवा लावून हात जोडायचे, ही रीत. घरं दोन झाल्यावर हात जोडणाऱ्या बायकाही दोन. थोरली जाऊ बाहेर येऊन बटण दाबी, दिवा लागे, ती हात जोडून आत जाई. मागोमाग धाकटी येई. तिच्या घरची दिवेलागण व्हायची होती, दिवा आधीच लागलेला असला म्हणून काय झालं? तीही आपलं बटण दाबी आणि हात जोडी. दिवा गप. भर तिन्हीसांजेला, लक्ष्मी यायच्या वेळेला, जावेने दिवा विझवला! थोरली पुन्हा येऊन दाबी. मग धाकटी. लक्ष्मी बिचारी उंबऱ्यापाशी येऊन डोळे चोळत परत जात असेल.

आमच्या गल्लीत त्या दिवशी बघ्यांची दाटी झाली. भाऊसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला होता, कारण कंदील कुठे जातो हे त्यांनी बघितलं होतं, पण हात कोण जोडतं हे बघायचं राहिलं होतं. संध्याकाळी ते पुन्हा अस्तगावला जाऊन ओसरीच्या मधोमध बसले, दोन्ही घरांना बाहेर बोलावलं आणि निकाल दिला. थोरलीने दिवा लावायचा, दोघींनी मिळून हात जोडायचे. निजायच्या वेळी धाकटीने बंद करायचा. एकाने लावायचा, दुसऱ्याने मालवायचा, हीच ह्या बटणाची रीत आहे, नाहीतर वायर जळते, असं त्यांनी ठोकून दिलं. वायर जळत बिळत नव्हती. पण धाकटीला रोज रात्री विचारावं लागायला लागलं की भावजी आले का, मालवू का? आणि थोरलीला उत्तर द्यावं लागायला लागलं. भाऊ पुढे बोलायला लागले की नाही मला माहीत नाही. जावा मात्र पुढच्या बाजाराला एकाच बैलगाडीतून आलेल्या मी बघितल्या.

भाऊसाहेबांनी हे सगळं आमच्या अंगणात बसून रंगवून सांगितलं. आम्ही हसून हसून बेजार. हौसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "लोकाच्या वसरीला दोन दोन बटनं," त्या म्हणाल्या, "आन माजी चूल आंधळी." आणि उठून आत गेल्या. भाऊसाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, हे मी सांगूनच टाकते. माणूस जगाचं इतकं बघतो आणि हाताशी असलेलं त्याला दिसू नये?

मग एक बैल हौसाबाईंच्या मदतीला आला. भाऊसाहेब बॅटनच्या लांबलचक पट्ट्यांची मोळी सायकलच्या दांडीला बांधून नेत. मोळी पुढे हातभर, मागे चार हात. वळणावर शेपूट केवढं फिरतं ह्याचा अंदाज नसलेल्यांसाठी ते घंटी न वाजवता "पट्टी! पट्टी!" असं ओरडत आणि लोक पटापट खाली वाकत. बाजाराच्या दिवशी बैलबाजाराच्या कोपऱ्यावर ते वळले. माणसं वाकली. एका खिलारी बैलाला मात्र मराठी कळत नव्हती. पट्टीचं टोक त्याच्या मागच्या बाजूला नको तिथे लागलं आणि त्याने घरंदाज बैलाने करावं तेच केलं. भाऊसाहेबांचा डावा पाय नडगीत मोडला. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं आणि मधल्या खोलीत बाजेवर टाकलं. तिथून उजवीकडे चूल दिसायची आणि डावीकडे पुढचं दार.

त्या संध्याकाळी मी वाटीत भाजी घेऊन गेले होते. हौसाबाईंनी कंदिलाची काच पुसली, कंदील लावला, कोपऱ्यात देवाला हात जोडले. भाऊसाहेब उशीला टेकून बघत होते. सवयीचा माणूस, दुसऱ्याच्या घरी बघतात तसंच बघत होते, जरा डोळे बारीक करून. मी हौसाबाईंना खुणावलं की आज तुमचं काम होणार. त्यांनी कंदील चुलीपाशी नेला. काटवटीत पीठ घेतलं. मला वाटलं, झालं, पेन्सिल आता कानावरून खाली येणार.

बाहेर अंधार दाटला तशा हौसाबाई पिठाच्या हातानेच उठल्या. कंदील उचलला, मधल्या खोलीतून, बाजेला वळसा घालून, पुढच्या दारात गेल्या, चौकटीबाहेरच्या खुंटीला तो अडकवला आणि परत येऊन चुलीपुढे बसल्या. जाळाच्या उजेडात भाकरी थापायला लागल्या. सगळं इतकं सवयीने की आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

भाऊसाहेबांनी विचारलं, "हौसे, भाईर कोन हाय?"

"कोन न्हाई."

"मंग कंदील?"

"तुमाला येताना उंबरा दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. थापणारा हात थांबला. त्यांनी मागे वळून बाजेकडे बघितलं. "आगं बया. तुमी तर हितंच हाय."

मला हसू येत होतं आणि ते बाहेर पडेना. भाऊसाहेबांनी मान उचलून दारातल्या कंदिलाकडे बघितलं. मग अगदी हळू, त्यांच्या मानाने अगदीच हळू आवाजात त्यांनी विचारलं की रोज? हौसाबाई भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, रोज नाही तर काय सणावारी? तुमी काय रोज येत न्हाई व्हय? आणि वरून फटकारलं की म्हणून तर चुलीवर दिवा मागत होते इतकी वर्षं. कंदील दारात अडकला की मागे राहतो तो अंधारच की.

चुलीपाशी कंदील हाय की, असं इतकी वर्षं म्हणणारा माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला. पाय प्लास्टरमध्ये असताना कूस बदलणं सोपं नसतं.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी पहिलं काम घरचं घेतलं. स्वयंपाकघरातलं केसिंग उखडलं, नमुना गेला तर जाऊ दे म्हणाले. त्याच्या झाकणाखालून जे काय निघालं ते हौसाबाईंनी झाडूने परसात नेऊन जाळलं. निळीची दोरी मारताना हौसाबाई स्वतः दुसरं टोक धरून उभ्या होत्या आणि ओळ वाकडी आहे असं सांगत होत्या. ओळ वाकडी नव्हती. चुलीवर, जरा उजव्या अंगाला, दिवा लागला. त्या दिवशी हौसाबाईंनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून पुरणपोळ्या केल्या. पोळी उलटताना प्रत्येक वेळी वर दिव्याकडे बघायच्या, त्यात दोन करपल्या. अंधारात त्यांची कधी एक करपली नव्हती, असं भाऊसाहेब म्हणाले आणि लगेच मार खाता खाता वाचले.

पण काम तिथे संपलं नव्हतं. पट्टी चुलीपासून पुढे निघाली, मधल्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत गेली आणि कंदिलाच्या खुंटीपाशी बाहेर आली. तिथे दुसरा दिवा. एक बटण चुलीपाशी, एक बाहेर चौकटीला. नगरहून आणलेल्या बटणांतली दोन उरली होती म्हणे. हौसाबाईंनी आधी कटकट केली की बटण चुलीपाशी आणि दिवा दारात, ही कुठली तऱ्हा? भाऊसाहेबांनी अस्तगावचा निकाल त्यांनाही वाचून दाखवला. तू लावायचा, मी मालवायचा.

दोन वर्षांनी आमच्या ह्यांची बदली झाली. सामान टेम्पोतून पुढे गेलं होतं आणि आम्ही संध्याकाळच्या एसटीने निघणार होतो. हौसाबाईंचा निरोप मी दुपारीच घेतला होता. त्यांनी डोळे पुसले, मीही पुसले, आणि वाटेत खायला चपात्या बांधून दिल्या, एकसारख्या, गुलाबी पापुद्र्याच्या. भाऊसाहेब तेवढे भेटायचे राहिले होते. ते साकुरीला कुणाच्या तरी घरी बसले होते.

पिशव्या घेऊन गल्लीतून निघालो तेव्हा अंधार पडला होता. सगळ्या गल्लीत एकच दिवा, त्यांच्या दारातला. त्याच्या उजेडात समोरून सायकल आली. त्यांनी आम्हाला ओळखलं, खाली उतरले आणि ह्यांना बजावलं की नव्या गावाला बसल्याशिवाय पॉइंट काढू देऊ नका, वाटल्यास मला बोलवा, मी येऊन बसतो. मला नुसते म्हणाले, "या बरं का, वैनी." मग लंगडत सायकल दारापर्यंत नेली. तो पाय जरासा आखूडच राहिला होता.

कोपऱ्यावर वळताना मी मागे बघितलं. भाऊसाहेबांनी सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या, चौकटीवरच्या बटणाला हात लावला. दारातला दिवा मालवला आणि आतून ताट मांडल्याचा आवाज आला.